ऐंशीनंतरचा रक्तदाब : कुटुंबीय व काळजीवाहकांसाठी माहितीपाठ

हा पाठ कोणासाठी

वयाची ८० वर्षे ओलांडलेल्या आई-वडिलांची, आजी-आजोबांची किंवा अन्य आप्तांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांसाठी, तसेच गृहभेटी देणाऱ्या आशा कार्यकर्त्या व आरोग्यसेविकांसाठी हा पाठ तयार करण्यात आला आहे. उच्च रक्तदाबाविषयीची सर्वसाधारण माहिती पन्नाशी-साठीतील व्यक्ती डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते. ऐंशीनंतर शरीराचे नियम काहीसे बदलतात. म्हणून काळजीचे नियमही थोडे बदलावे लागतात. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हा निर्णय मात्र सर्वस्वी डॉक्टरांचा आहे, हे प्रारंभीच ध्यानात घ्यावे.

१. दोन घरे, दोन चुका

पुढील दोन्ही उदाहरणे समजावून सांगण्यासाठी रचलेली आहेत. परंतु अशी घरे देशाच्या प्रत्येक भागात आढळतात.

पहिल्या घरातील आजोबा ८३ वर्षांचे. स्वतःची कामे स्वतः करणारे, रोज सकाळी देवळापर्यंत पायी जाणारे. रक्तदाब १७८/८२. काही दिवस गोळी घेतली. मग ‘काही त्रास तर होत नाही, आणि या वयात एवढा रक्तदाब असायचाच’ असे म्हणून घरातल्यांनीच ती बंद केली. काही महिन्यांनी एका सकाळी त्यांचा उजवा हात उचलेना आणि तोंडातून शब्द फुटेना.

दुसऱ्या घरातील आजी ८६ वर्षांच्या. वजन घटलेले, चाल मंदावलेली. दवाखान्याचे दोन जिने चढून, धापा टाकत त्या खुर्चीत बसल्या आणि लगेच रक्तदाब मोजला गेला : १६८/७०. आधीच्या दोन गोळ्यांना तिसरीची जोड मिळाली. घरी रक्तदाब किती असतो, हे कोणी पाहिले नव्हते. उभे राहिल्यावर तो किती उतरतो, हेही नाही. दोन आठवड्यांनी पहाटे लघवीसाठी उठताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, त्या पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले.

पहिल्या घराने वयाच्या नावाखाली उपचार सोडला. दुसऱ्या घरात एका आकड्याच्या मागे लागून उपचार वाढला. ऐंशीनंतरची रक्तदाबाची काळजी म्हणजे या दोन चुकांच्या मधली वाट शोधणे होय.

२. वयाबरोबर रक्तदाब का बदलतो

तरुणपणी मोठ्या रक्तवाहिन्या लवचिक असतात. हृदयाने रक्त पुढे ढकलले की त्या किंचित फुगतात आणि नंतर पूर्ववत होतात. वय वाढते तशा त्यांच्या भिंती ताठर होतात. त्यामुळे हृदय आकुंचन पावताना दाब अधिक चढतो आणि ते विसावताना अधिक उतरतो. म्हणूनच वृद्धांमध्ये वरचा आकडा १६०-१७० आणि खालचा ७०-८० असे चित्र वारंवार दिसते. खालचा आकडा ‘चांगला’ आहे म्हणून वरच्याकडे दुर्लक्ष करू नये. या वयात पक्षाघाताचा आणि हृदय दुबळे होण्याचा धोका प्रामुख्याने वरच्या आकड्यावरून कळतो.

दुसरा बदल आपल्या डोळ्यांना दिसत नाही. आपण उठून उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरते. निरोगी शरीर क्षणार्धात रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाची गती वाढवून मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळते. वाढत्या वयात ही यंत्रणा मंदावते. परिणामी तीच व्यक्ती बसलेली असताना १६० आणि उभी राहिल्यावर १३० असू शकते. बसून घेतलेला एक आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

३. या वयात उपचाराचा उपयोग होतो का

होतो. ऐंशीनंतर औषधोपचार करावा की करू नये, याविषयी वैद्यकीय जगतात अनेक वर्षे मतभेद होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायव्हेट’ या संशोधनाने त्यावर बराच प्रकाश टाकला. वरचा आकडा १६० किंवा त्याहून अधिक असलेल्या, ८० वर्षे व त्यापुढील ३,८४५ व्यक्ती त्यात सहभागी होत्या. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. औषधाचे उद्दिष्ट १५०/८० एवढे माफक होते. औषध घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय दुबळे होण्याचे प्रसंग ६४ टक्क्यांनी कमी आढळले. पक्षाघातही कमी झाले. हा लाभ इतका ठळक होता की संशोधन नियोजित काळाआधीच थांबवण्यात आले.

मात्र त्या संशोधनात कोण नव्हते, हेही पाहिले पाहिजे. स्मृतिभ्रंश झालेल्या, सतत परिचर्येची गरज असलेल्या आणि उभे राहिल्यावर वरचा आकडा १४० च्या खाली उतरणाऱ्या व्यक्तींना त्यात घेतलेले नव्हते. म्हणजे पहिल्या घरातील आजोबांना त्याचे निष्कर्ष थेट लागू पडतात. दुसऱ्या घरातील आजींना ते तसेच लागू करता येत नाहीत.

काही कुटुंबीय ‘१२० च्या खालीच हवा’ असा आग्रह धरतात. २०१५ मधील ‘स्प्रिंट’ या संशोधनात वरचा आकडा १२० च्या खाली ठेवल्याचा लाभ ७५ वर्षांवरील व्यक्तींनाही झाला, हे खरे. परंतु मधुमेही, पूर्वी पक्षाघात झालेल्या आणि वृद्धाश्रमात राहणाऱ्या व्यक्ती त्यात नव्हत्या, आणि मोजमाप शांतपणे बसवून स्वयंचलित यंत्राने केले होते. गर्दीच्या दवाखान्यात घाईने घेतलेल्या आकड्याची त्याच्याशी तुलना करता येत नाही.

४. किती रक्तदाब योग्य

ऐंशीनंतर सर्वांना एकच आकडा लागू होत नाही. सर्वसाधारण दिशा पुढीलप्रमाणे आहे :

• हिंडती-फिरती, स्वतःची कामे करणारी व्यक्ती : पहिले उद्दिष्ट वरचा आकडा १५० च्या खाली आणणे. औषध चांगले सोसत असेल, चक्कर येत नसेल, तर डॉक्टर १४० च्या खाली जाण्याचा विचार करतात.
• थकलेली, वजन घटलेली, वारंवार पडणारी किंवा स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती : उद्दिष्ट अधिक सैल ठेवावे लागते. उभे असतानाचा आकडा निर्णायक मानावा.
• अंथरुणाला खिळलेली, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील व्यक्ती : येथे आकड्यापेक्षा आराम महत्त्वाचा. कोणत्या गोळ्यांची आता गरज उरली नाही, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

औषध घेत असताना वरचा आकडा वारंवार १२० च्या खाली राहू लागला, आणि विशेषतः चक्कर, अशक्तपणा किंवा सुस्ती असेल, तर तेही डॉक्टरांना कळवावे. ‘कमी आहे म्हणजे उत्तम’ असे या वयात गृहीत धरू नये.

५. रक्तदाब मोजण्याची योग्य पद्धत

चुकीच्या मोजमापावर उभा राहिलेला उपचार चुकीच्याच दिशेने जातो. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

• मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू टाळावी. लघवीला जाऊन यावे.
• पाठीला आधार असलेल्या खुर्चीत, पाय जमिनीवर सपाट टेकवून, किमान ५ मिनिटे शांत बसावे.
• दंड उघडा करून पट्टा दंडावरच बांधावा. स्वेटरवर किंवा सदऱ्याच्या बाहीवर नव्हे. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीवर ठेवावा. पट्टा दंडाच्या मापाचा असावा.
• मोजताना बोलू नये; आपणही त्यांच्याशी बोलू नये.
• एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन वेळा मोजून दोन्ही आकडे लिहावेत.
• पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजावे. ज्या हाताचा आकडा अधिक, तोच हात पुढे वापरावा.

घरासाठी मनगटाच्या यंत्राऐवजी दंडावर बांधायचे यंत्र घ्यावे. नाडी अनियमित असल्यास स्वयंचलित यंत्राचे आकडे भरवशाचे नसतात. अशा वेळी आरोग्य केंद्रात मोजून घ्यावे आणि अनियमित नाडीची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी, कारण ती स्वतःच पक्षाघाताचे एक कारण आहे.

दवाखान्यात अनेकांचा रक्तदाब धास्तीने चढतो. म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी सलग ७ दिवस, सकाळी व संध्याकाळी घरी मोजलेल्या आकड्यांची नोंद सोबत न्यावी. घरी मोजलेला आकडा दवाखान्यातील आकड्यापेक्षा साधारणतः थोडा कमी असतो, हे डॉक्टर विचारात घेतात.

६. उभे राहून मोजणे : कधीही न वगळण्याची तपासणी

व्यक्तीला ५ मिनिटे झोपवून किंवा बसवून रक्तदाब मोजावा. मग आधार देऊन उभे करावे आणि उभे राहिल्यानंतर १ मिनिटाने व ३ मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजावे. चक्कर आल्यास लगेच बसवावे आणि मोजणे थांबवावे.

ही तपासणी नवी गोळी सुरू केल्यावर, मात्रा वाढवल्यावर, एखादी व्यक्ती पडल्यावर आणि मोठ्या आजारातून उठल्यावर अवश्य करावी. काही वृद्धांचा रक्तदाब पोटभर जेवणानंतर तास-दोन तासांतही बराच उतरतो. जेवून उठताना चक्कर येत असेल, तर थोडे-थोडे अनेकदा खावे आणि जेवणानंतर काही वेळ बसून राहावे.

पडणे टाळण्यासाठी : झोपेतून उठताना प्रथम कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून एक-दोन मिनिटे बसावे, घोटे वर-खाली हलवावेत आणि नंतरच उभे राहावे. रात्री शौचालयाच्या वाटेवर मंद दिवा असावा. न्हाणीघरात घसरणार नाही अशी चटई आणि भिंतीला धरण्यासाठी दांडा असावा.

७. औषधांविषयी

ऐंशीनंतर औषधाचे सूत्र एकच : कमी मात्रेने आरंभ, हळूहळू वाढ आणि प्रत्येक बदलानंतर तपासणी. बहुतेक वेळा एका गोळीने सुरुवात होते. सरकारी आरोग्य केंद्रांत ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि मूत्रल गटातील औषधे सामान्यतः वापरली जातात. ती प्रभावी आहेत. पण प्रत्येकाची एक खोड आहे.

ॲम्लोडिपिनमुळे घोट्यांना सूज येऊ शकते. ती सूज नवा आजार समजून तिच्यासाठी आणखी एक गोळी सुरू होते आणि गोळ्यांची साखळी वाढत जाते. म्हणून सूज केव्हा आली, कोणत्या गोळीनंतर आली, हे डॉक्टरांना सांगावे.

मूत्रल औषधांमुळे रक्तातील सोडियम किंवा पोटॅशियम घटू शकते. सोडियम घटल्यास वृद्ध व्यक्ती अचानक गोंधळल्यासारखी वागते, सुस्त होते, तोल जातो. घरातील माणसे त्याला ‘म्हातारपण’ म्हणतात. असे बदल काही दिवसांत घडले असतील, तर रक्ततपासणी करून घ्यावी. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सकाळी घ्यावी. रात्री घेतल्यास लघवीसाठी वारंवार उठावे लागते आणि पडण्याची शक्यता वाढते.

टेल्मिसार्टनसारख्या औषधांमुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकते व मूत्रपिंडांच्या कार्यात बदल होऊ शकतो. म्हणून औषध सुरू केल्यावर आणि मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासतात.

रक्तदाबाशी थेट संबंध नसलेली औषधेही महत्त्वाची आहेत. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. प्रोस्टेटच्या काही औषधांनी व झोपेच्या गोळ्यांनी उभे राहताना तोल जाऊ शकतो. यासाठी घरातील सर्व औषधे, काढे, चूर्णे व मलमेसुद्धा एका पिशवीत भरून प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवावीत. आजींच्या बाबतीत ही पिशवी कोणी उघडली असती, तर कदाचित तिसरी गोळी लिहिली गेली नसती.

• एखादी मात्रा चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.
• त्रास नाही म्हणून गोळी बंद करू नये. काही औषधे एकाएकी थांबवल्यास रक्तदाब उसळून वर जातो.
• शेजाऱ्याची गोळी घेऊ नये, आपली कोणाला देऊ नये.
• दृष्टी अधू किंवा स्मरण क्षीण असल्यास आठवड्याच्या कप्प्यांची डबी वापरावी आणि गोळी देण्याची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीने घ्यावी.

८. आहार : मीठ कमी, पण ताट रिकामे नको

दिवसाकाठी एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट भरलेल्या एका चहाच्या चमच्याहून कमी मीठ पुरेसे आहे. आपल्या देशात मीठ अनेक वाटांनी पोटात जाते : कोठे लोणचे-पापड, कोठे खारवलेली सुकी मासळी, काश्मीरमध्ये मिठाचा चहा, कोठे भातावर वरून घेतलेले कच्चे मीठ, तर सर्वत्र फरसाण, बिस्किटे आणि तयार मसाले. आपल्या घरातील मुख्य वाट कोणती, हे ओळखून तीच आधी अरुंद करावी. सैंधव मीठ हेही मूलतः सोडियमयुक्त मीठच आहे. त्याने रक्तदाबाचा प्रश्न सुटत नाही. ‘कमी सोडियमच्या’ मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वृद्धांची चव आधीच मंदावलेली असते. सर्व पदार्थ एकदम अळणी केल्यास त्यांचे जेवणच सुटते, वजन उतरते आणि स्नायू झिजतात. हे नुकसान थोड्या जास्त मिठापेक्षा मोठे ठरू शकते. म्हणून मीठ हळूहळू कमी करावे. लिंबू, आमसूल, चिंच, जिरे, आले, कोथिंबीर यांनी चव राखावी. डाळी, दूध, दही, तसेच चालत असल्यास अंडी व ताजी मासळी यांतून प्रथिने द्यावीत. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहाराविषयी वेगळा सल्ला घ्यावा.

झेपेल तेवढे रोज चालावे, खुर्चीतून उठ-बस करावी. तंबाखू कोणत्याही वयात सोडण्यासारखी आहे. ‘आता काय उपयोग’ असे म्हणू नये.

९. ऊन, थंडी आणि आजारपण

कडक उन्हाळ्यात घामाने शरीरातील पाणी व क्षार घटतात. त्यातच मूत्रल गोळी चालू असल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. जुलाब, उलट्या किंवा ताप असताना, खाणेपिणे सुटले असताना हीच स्थिती येते. अशा दिवसांत रोज रक्तदाब मोजावा आणि काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्यात का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. बरे वाटू लागल्यावर त्या केव्हा सुरू करायच्या, हेही विचारून लिहून ठेवावे. हृदयविकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असल्यास ते स्वतःहून बदलू नये. याउलट थंडीत रक्तदाब चढतो. म्हणून ऋतू बदलताना तपासणी करून घ्यावी.

१०. तातडीची लक्षणे

पुढीलपैकी काहीही आढळल्यास क्षणाचाही विलंब न करता ११२ किंवा १०८ या क्रमांकावर संपर्क साधावा :

• चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एका हाताची वा पायाची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे
• छातीत दुखणे, श्वास लागणे
• अचानक दिसेनासे होणे, तीव्र डोकेदुखी, शुद्ध हरपणे किंवा एकाएकी आलेला गोंधळ
• पडल्यानंतर डोक्याला मार लागणे किंवा पायावर भार न देता येणे

पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून लक्षणे केव्हा दिसली, ती वेळ लक्षात ठेवावी. वाटेत रक्तदाबाची गोळी देऊ नये. तोंडातून काहीही भरवू नये.

रक्तदाब १८०/११० च्या वर आहे, पण वरीलपैकी कोणतेही लक्षण नाही, अशा वेळी घाबरू नये. शांत बसवून काही वेळाने पुन्हा मोजावा. आकडा तसाच राहिल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जिभेखाली गोळी ठेवून किंवा जास्तीची मात्रा देऊन रक्तदाब झटकन उतरवण्याचा प्रयत्न करू नये. एकदम उतरलेल्या दाबाने मेंदूचा रक्तपुरवठा घटू शकतो.

११. मदत कोठे मिळेल

जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाबाची तपासणी व औषधे मिळतात. प्रवास अशक्य असल्यास ई-संजीवनी या दूरवैद्यकीय सेवेद्वारे डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला प्रत्येक कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार उपलब्ध आहेत. मात्र ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नव्हे. रोजची औषधे सरकारी केंद्रातून किंवा जनऔषधी केंद्रातून घेता येतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ ही आहे.

१२. डॉक्टरांना विचारावयाचे पाच प्रश्न

१) यांच्यासाठी रक्तदाबाचे उद्दिष्ट किती?
२) उभे असताना रक्तदाब मोजला का?
३) ही नवी गोळी कशासाठी, आणि तिच्यामुळे जुनी एखादी थांबवता येईल का?
४) सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन पुन्हा केव्हा तपासायचे?
५) जुलाब, ताप किंवा कडक ऊन असताना कोणती गोळी थांबवायची?

हे पाच प्रश्न विचारायला पाच मिनिटे पुरतात. पहिल्या घरात पहिला प्रश्न विचारला गेला असता, तर आजोबांची गोळी बंद झाली नसती. दुसऱ्या घरात दुसरा प्रश्न विचारला गेला असता, तर आजी कदाचित आजही आपल्या पायांवर स्वयंपाकघरात गेल्या असत्या. आपल्या घरातील ज्येष्ठांच्या पुढील भेटीच्या वेळी हे पत्रक सोबत न्यावे.